आवडीचा मृतसाठा

शहरात माणसाची आवड झाकून राहते. कानात बोंडं खुपसून तो लोकलमध्ये उभा असतो. आत भीमसेन चालू आहेत की बँकेच्या हप्त्याची आठवण करून देणारी बाई, हे शेजारच्याला कळायला मार्ग नसतो. उजनी धरणाच्या काठावरच्या आमच्या पळसदेवला ही सोय नाही. इथं एकाला जे आवडतं ते सगळ्या आळीला ऐकावं लागतं, आणि आळीला ते आवडलं नसेल तर तसं त्याला त्याच दिवशी चहाच्या टपरीवर, चारचौघांत कळवलं जातं. 'मला अमुक गायक आवडतो' असं इथं कुणी सांगत बसत नाही. ज्याला सांगावं असा, म्हणजे अजून ते माहीत नसलेला माणूस गावात उरलेलाच नसतो.

काय आवडतं, हा प्रश्न विचारतात ते बाहेरचे. थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग पुण्याची मंडळी. पहाटे कुंभारगावला नावेत बसायचं, हातभर लांबीची भिंगं रोखून पक्ष्यांना अवघडून टाकायचं, दुपारी भिगवणला चिलापीवर ताव मारायचा आणि मग पळसनाथाचं जुनं देऊळ दिसतंय का म्हणून पळसदेवपर्यंत यायचं. देऊळ पाण्यात आहे असं कळलं की हायवेवरच्या टपरीवर चहा. चहा येईपर्यंत वेळ जात नाही, म्हणून मग समाजशास्त्र. अशाच एका ताईंनी टपरीवाल्याला विचारलं, ''इथले लोक मोकळ्या वेळात काय ऐकतात? म्युझिक वगैरे?''

टपरीवाला गाळणं आपटत म्हणाला, ''मोकळा वेळ नसतो, ताई. पण गाणी चालूच असतात.''

आमच्या संगीतप्रेमावर याहून नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

उदाहरणार्थ, ऊसतोड. हंगाम सुरू झाला की दिवसरात्र ट्रॅक्टर वाहतात. मागे दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्यांचा डोंगर, आणि ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या मडगार्डवर एकेक स्पीकरची पेटी. ट्रॅक्टरचा हेडलाइट एकच चालत असला तरी चालतो, स्पीकर दोन्ही लागतात. रात्री झोप लागू नये म्हणून गाणी, असं ड्रायव्हर सांगतो. त्याची झोप उडते हे खरं, आणि रस्त्याकडेच्या सगळ्या घरांचीही उडते हेही खरं. पण याचा एक फायदा झाला आहे. आमच्या शेजारची आजी आता घड्याळ बघत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणते, ''झिंगाट गेला. आता विठ्ठल येईल.'' आणि थोड्या वेळानं खरोखरच प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजात विठ्ठल येतो, त्याच्यामागं वीसेक टन ऊस असतो. या ड्रायव्हरांची नावं तिला ठाऊक नाहीत. एकाचं नाव झिंगाट, एकाचं विठ्ठल, आणि बीडकडून आलेल्या एका पोराचं 'ते रडकं'. त्याचं प्रेम कुठं फिसकटलं ते आजीला त्याच्या गाण्यांवरून पाठ आहे. मागच्या हंगामात तो एकाएकी ढोलकीवर आला, तेव्हा आजी सकाळी सगळ्यांना सांगत होती, ''जमलं बघ पोराचं.''

हीच सगळी मंडळी कारखान्याच्या काट्यावर रांगेत उभी राहतात तेव्हा खरी मैफल असते. पन्नास ट्रॅक्टर, शंभर पेट्या, एकाच वेळी लावणी, अभंग, भीमगीत, हिंदीतली बेवफाई आणि कुणाच्या तरी घरून आलेला फोन. आश्चर्य म्हणजे तिथं प्रत्येक जण आपापलं गाणं ऐकत असतो. एकाग्रता शिकायला लोक विपश्यनेला का जातात कळत नाही. काट्यावर या.

पूर्वी मात्र गाणं ऐकायला वाट पाहावी लागे. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, आणि १ एप्रिल १९५५ पासून तिथं 'गीतरामायण' लागू लागलं. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी वर्षभर पुरली. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची आणि श्रोत्यांनी रेडिओला हार घालून समोर बसायचं. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. म्हणजे घरात राम यायचा तर आधी पोस्टमास्तरांकडे फी भरायची. आता एका आठवड्यात छप्पन्न मालिका येऊन जातात आणि हार घालावासा रिमोट अजून निघालेला नाही.

त्याच आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. श्रोत्यांनी पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायची आणि निवेदिकेनं ती पाठवणाऱ्यांची नावं वाचून दाखवायची. गाणं तीन मिनिटांचं आणि त्याच्या आधी नावांची वरात. आमच्या घरात हा कार्यक्रम सुरू झाला की गाणं लागेपर्यंत सगळे जिवाचा कान करून ऐकत, आणि गाणं लागलं की गप्पा सुरू. अनुभवी फर्माईशकार आपल्या आवडीचं गाणं कधीच मागत नसत. आमच्या नात्यातल्या एका काकांचं तंत्र तर शास्त्रशुद्ध होतं. कोणतं गाणं सध्या सारखं लागतंय ते आधी बघायचं आणि तेच मागायचं, म्हणजे नाव वाचलं जायची शक्यता वाढते. मनातून ते बालगंधर्वांचे भक्त, पण पोस्टकार्डावर त्यांची आवड महिन्याला बदले. उत्तरेकडे झुमरी तलैया नावाचं गाव निव्वळ फर्माइशींवर देशभर गाजलं. तिथल्या लोकांना संगीताची विशेष जाण होती असं मला तरी वाटत नाही. त्यांच्याकडे पोस्टकार्डं जास्त होती.

यातून मला एक गोष्ट कळली. आवड विचारली की माणूस आवड सांगत नाही, आपलं नाव कुठं छापून येईल ते सांगतो. लग्नाच्या बायोडाट्यात 'छंद' असा रकाना असतो. त्यात मुलगा लिहितो : वाचन, संगीत, प्रवास. प्रवास म्हणजे सकाळी इंदापूर आणि संध्याकाळी परत. संगीत म्हणजे वर सांगितलेला ट्रॅक्टर. आता राहिलं वाचन.

वाचनाबद्दल आमच्याकडे एकमत आहे. आवडतं पुस्तक कोणतं, असं कुणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर येईल 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. तेव्हापासून महाराष्ट्रात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला ती आवडते, वाचण्याआधीपासून. पंचक्रोशीतल्या एका ड वर्गाच्या वाचनालयात तिची एक प्रत मी पाहिली. पहिली दीडशे पानं तेलकट, कडा मऊ झालेल्या, कुठं हळदीचं बोट, कुठं चहाचं गोल वर्तुळ. मग एके ठिकाणी एसटीचं जुनं तिकीट घातलेलं, आणि त्याच्या पुढची सगळी पानं कोरी करकरीत, छापखान्यातून आत्ताच आल्यासारखी. गावातले दोन-तीन पिढ्यांचे वाचक एकाच पानावर थांबले होते. कर्णाचं पुढं काय झालं हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, हा या कादंबरीचा वाचकांसाठी मोठा आधार.

पण म्हणून आमची माणसं वाचत नाहीत असा गैरसमज नको. बारकाईनं वाचन बघायचं असेल तर सातबारा हातात घेतलेला माणूस बघावा. चष्मा पुसून, उजेडात धरून, ओठ हलवत तो इतर हक्काचा रकाना असा वाचतो की एखाद्या समीक्षकानं लाजावं. एका मात्रेवरून तीन भावांची कोर्टं झालेली आहेत. कुठल्या कवितेच्या मात्रेवरून इतकी झाली?

दुसरा लोकप्रिय ग्रंथ लग्नपत्रिका. ती आली की मजकूर कुणी वाचत नाही. वधूवरांची नावं तर आधीच माहीत असतात. वाचायची ती नावांची यादी. निमंत्रक कोण, प्रेषक कोण, प्रमुख उपस्थितीत कुठला नेता, कार्यवाहक मंडळींत आपलं नाव कितव्या ओळीत. तात्यांचं नाव नानांच्या खाली गेलं तर जेवणावळीला तात्यांना हटकून ताप येतो. शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. त्यातल्या एका चिमुकलीचा जन्म पत्रिका छापल्यावर झाला, तर तिचं नाव सगळ्या पत्रिकांवर पेनानं लिहिलेलं मी पाहिलं आहे. आठशे प्रती, एकेक करून. लेखकांची पुस्तकावर सह्या करताना बोटं दुखतात म्हणे.

आणि तिसरं कालनिर्णय. १९७३ पासून भिंतीवर आहे. पुढून तिथी, मागून साहित्य. महिना संपला की पान फाटतं आणि मागची अर्धी वाचलेली गोष्ट त्यात भजी बांधून निघून जाते. उरलेली गोष्ट ज्याच्या घरी भजी गेली त्यानं वाचायची. एकाच कथेचे दोन वाचक एकमेकांना न भेटता ती पूर्ण करतात.

तालुक्याच्या शेजारी एवढा मोठा कवी होऊन गेलेला असताना आमची ही दशा, असं एखादा गुरुजी म्हणेल. खरं आहे. मोरोपंत बारामतीचे. जन्म पन्हाळ्याला १७२९ साली, पण पुढचं आयुष्य बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत गेलं आणि १७९४ ला तिथंच मिटलं. त्यांनी शंभरावर रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण' : ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. या अटीत खुद्द रामाचंच नाव घेता येत नाही, तरी रामायण झालं. मी आमच्या भागावर हा प्रयोग करून पाहिला. पळसदेव गेलं. इंदापूर गेलं. भिगवण, बारामती, भीमा सगळी गेली. नुसते कळस, डाळज आणि दौंड उरले. एवढी अडचण सोसून पंतांनी लिहिलं. आम्हाला सगळी अक्षरं मोकळी असून 'छंद : वाचन' याच्या पुढं जाता येत नाही.

सिनेमाची गोष्ट वेगळी. तिथं आमची आवड स्पष्ट आहे : जो सिनेमा आपल्याकडं येईल तो. पूर्वी यात्रेत तंबू लागायचा. मध्ये पडदा, पुढं बसणाऱ्यांना तिकीट. मागं बसणाऱ्यांचा तंबूवाल्याशी काय व्यवहार असे ते देवाला ठाऊक. मागून सिनेमा उलटा दिसे. नायक डावखुरा, पदर भलत्या खांद्यावर, आणि नावं वाचायची तर मान मोडून. आमच्या एका आत्याच्या मिस्टरांनी दादा कोंडक्यांचे सगळे चित्रपट पडद्यामागून पाहिले. पुढं टीव्हीवर १९७१ चा 'सोंगाड्या' लागला तेव्हा ते म्हणाले, ''ह्यो कुणीतरी दुसराच हाय.'' १९७५ ला 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक तंबूबाहेर चपला काढून आत जात आणि पडद्यावर फुलं टाकत. त्याच वर्षी 'शोले' आला. त्यासाठी चपला कुणी काढल्या नाहीत, पण संवाद अजून त्याचेच पाठ आहेत. १९९१ चा 'माहेरची साडी' संपल्यावर बायका डोळे पुसत बाहेर यायच्या आणि त्या दिवशी गावातल्या सगळ्या सासवा सुनांशी जरा जपून बोलायच्या.

मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला आणि आमचं भानच सुटलं. आमच्या समोर उजनीचं पाणी, पलीकडं करमाळा तालुका, आणि नागराज मंजुळे तिकडच्या जेऊरचे. आर्ची झालेली पोरगी अकलूजची, म्हणजे नीरा ओलांडली की शेजारी. आमचं गाव सिनेमात नाही, पण मधलं पाणी आमचंही आहे, या हिशेबानं आम्ही निम्मा सिनेमा आपला मानतो. गंमत अशी, की केळीच्या बागांत पळणाऱ्या या पोरापोरीसाठी अजय-अतुल यांनी वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला तो लॉस एंजेलिसला. आमच्या पोरांचं प्रेम जमावं म्हणून तिकडं गोऱ्या लोकांनी व्हायोलिनं घासली, हे कळल्यावर आमच्या एका मामांनी एवढंच विचारलं, ''त्यांना जेवण कुणी दिलं?''

सिनेमा बघताना आमच्याकडं एक दोष मात्र आहे. शेती दिसली की गोष्ट सुटते. पडद्यावर नायिका उसातून पळत गाणं म्हणायला लागली की अख्खी रांग अस्वस्थ होते. कारण उसाची पात म्हणजे पातं. उघड्या हाताला चराचरा कापते. त्यात कूस अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसा. उसात शिरणारा गडी भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, डोक्याला फडकं गुंडाळतो. आणि ही दंड उघडे टाकून पळतेय, हसतेय. शेवटी कुणीतरी म्हणतं, ''हिला ऊस नाय, मका दिलाय.'' मग सगळे निर्धास्त होतात आणि प्रेमकथा पुढं चालू.

आता हे सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग खरी आवड ओळखायची कशी? याचं उत्तर आमच्या धरणात आहे.

उजनीत मावतं ११७ टीएमसी पाणी. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी तळाला, मृतसाठा म्हणून हिशेबाबाहेर. टक्के काढायचे ते वरच्या पाण्यावर. त्यामुळे धरणात ६३ टीएमसी पाणी डचमळत असताना पेपरात बातमी येते : उजनी शून्यावर. पुढं ते उणे होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या घरात गेलं होतं. कळशी रिकामी झाली की शून्यावर थांबते; आमचं धरण शून्याच्या खालीही कित्येक महिने चालतं. माणसाची आवड अशीच आहे. 'मृत्युंजय', भीमसेन, प्रवास हा वरचा साठा, पाहुण्यांना दाखवायचा. खरं ते उण्यात.

आणि उजनी उण्यात गेली की पळसनाथाचं देऊळ वर येतं. धरणासाठी जुनं गाव उठलं, नवं हायवेला आलं, देऊळ तिथंच राहिलं. आधी शिखर दिसतं, मग खालचं दगडी काम, मग भोवतीचे वीरगळ आणि सतीशिळा. लोक मोटारी घेऊन येतात, सेल्फी काढतात. आमच्या भावकीतले एक आण्णा दर वेळी जातात. 'मला गाण्यातलं काय बी कळत न्हाय' असं ते आयुष्यभर सांगत आले. भेगाळलेल्या गाळातून काठी टेकत ते दाखवत जातात : हे आमचं जोतं, इथं चिंच होती. मग एका सपाट तुकड्यावर थांबून म्हणतात, ''हितं यात्रंत तंबू लागायचा.'' आणि दुसऱ्याच क्षणी एक लावणी म्हणू लागतात. सगळी कडवी, मधल्या ढोलकीच्या तुकड्यासकट, एका हातानं मांडीवर ठेका धरून. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीनं लग्नापासून हे कधी ऐकलेलं नव्हतं. लावणी संपल्यावर त्या म्हणाल्या, ''कुणासंगं ऐकायला जायचा?'' आण्णा लगेच वीरगळाकडं वळून त्याची माहिती सांगू लागले.

उण्यातली आवड बाहेर काढायची तर दुसरी जागा म्हणजे रात्रीचं दारं धरणं. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला लाइट येते, मोटार सुरू होते आणि माणूस बॅटरी, खोरं घेऊन एकटा उसात. या सरीचं दार बांधायचं, त्या सरीचं फोडायचं. ऐकायला कुणी नाही, बायोडाटा बघायला कुणी नाही. अशा वेळी तो जे लावतो ते खरं, अशी माझी समजूत होती. पण त्यातही आता परीक्षक आला आहे. उसानं बिबट्यांची चांगली सोय केल्यापासून आमच्या भागात रात्रीचं शेतात जायचं तर मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जायची पद्धत पडली. आवाज असला की तो लांब राहतो म्हणतात.

त्यामुळे संगीताच्या निवडीला प्रथमच काही गांभीर्य आलं. आमच्या शेजारी चुलत्या-पुतण्याची शेतं बांधाला बांध लावून आहेत. पुतण्या डीजे लावतो. त्याचं म्हणणं, बिबट्याला बेस सहन होत नाही. चुलते अभंग लावतात. त्यांचं म्हणणं, जनावरालाही पवित्र काय ते कळतं. दोघांच्या शेतात बिबट्या अजून आलेला नाही, त्यामुळे दोघांचाही आपल्या आवडीवर विश्वास बसला आहे आणि रोज टपरीवर त्यावरून वाद होतो. मध्यंतरी पलीकडच्या वस्तीवर तो दिसला, असं कळलं. पुतण्यानं ताबडतोब चौकशी केली, ''तिथं काय लावलं होतं?''

त्या शेतकऱ्याचा मोबाइल डिस्चार्ज झाला होता. त्यानं स्वतःच गायला सुरुवात केली होती. बिबट्या म्हणे बांधावर बसून पूर्ण ऐकून गेला. तेव्हापासून तो गडी भजनी मंडळात पेटीशेजारी बसायला मागतो.